कोयना धरणग्रस्तांचा जाहीर इशारा : मुदत १ मे

महाराष्ट्र शासनाचा मदत व पुनर्वसन विभाग आणि सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरी या जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी यांस,

आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. आजवर आपल्याला निवेदने दिली, पोच घेतली, त्या पोचपावत्यांच्या फायली घरोघर पेट्यांत पडल्या आहेत. यापुढे निवेदन येणार नाही. हे पत्र जाहीर करत आहोत, कारण यात मुदत आहे आणि ती आपल्याइतकीच जनतेलाही ठाऊक असावी.

१९६० साली राज्य स्थापन झाले, तेव्हा पाटण तालुक्यात कोयनेची भिंत उभी राहत होती. पुढच्या तीन-चार वर्षांत शिवसागर जलाशय भरला आणि पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतली सुमारे शंभर गावे उठली. कुणाला सांगली-सोलापूरकडे पाठवले, कुणाला घाट उतरून रायगड-ठाण्याकडे. कितीतरी घरे पाण्याच्या कडेने वर सरकत डोंगरावरच बसली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच खोऱ्यात भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली. ती झळही आम्हीच सोसली.

आम्ही उठलो तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदा नव्हता. पहिला कायदा १९७६ साली आला, सुधारत सुधारत १९९९ च्या कायद्यापर्यंत पोचला. मधल्या काळात आमच्यापैकी काहींना जमीन मिळाली, हे आम्ही नाकारत नाही. काहींना ती फक्त कागदावर मिळाली. काहींच्या वाट्याला आलेल्या रानात आधीच दुसऱ्याचे पीक उभे होते, आणि कब्जा मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. जे डोंगरावर राहिले त्यांच्या गावांवर १९८५ साली अभयारण्य आले, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. धरणाने एकदा उठवलेल्या माणसाला वाघासाठी पुन्हा उठायला सांगितले गेले.

सहा दशकांत कुठल्याही सरकारने आमची मागणी फेटाळली नाही. प्रत्येकाने ती मान्य केली आणि पुढे ढकलली. या ढकलण्यात कुणाचा फायदा झाला ते एकदा स्पष्ट सांगतो. मूळ खातेदार वारला की वारसनोंद लागते. वारस तीन असतात, नातवंडांपर्यंत पंधरा होतात. मग कार्यालय साठ वर्षांपूर्वीचा मृत्यूदाखला मागते, आणि जे गाव पाण्याखाली आहे त्याचा सातबारा मागते. तोवर लाभक्षेत्रातली शिल्लक जमीन अतिक्रमणात जाते, बिगरशेती होते, तिचा भाव आमच्या आवाक्याबाहेर जातो. या कोंडीत दलाल शिरतो आणि थकलेल्या म्हाताऱ्याचा हक्क कवडीमोलाने लिहून घेतो. दिरंगाईचे प्रत्येक वर्ष आमची बाजू दुबळी करते आणि शासनाची जबाबदारी हलकी करते. प्रश्न मांडणारे मरतात, त्यालाच प्रश्न मिटला असे म्हणायचे ठरलेले दिसते. म्हणून आता वाट पाहण्यात आम्हाला सबुरी दिसत नाही, आत्मघात दिसतो.

काम अवघड आहे, ही सबब आम्हाला सांगू नका. याच शासनाच्या अभियंत्यांनी १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली भरलेल्या जलाशयाच्या तळाशी खालून बोगदा भिडवला आणि शेवटचा खडक स्फोटाने उडवून लेक टॅपिंग यशस्वी केले. संध्याकाळी राज्याची विजेची मागणी चढली की सह्याद्रीच्या पोटातली जनित्रे फिरू लागतात. सुमारे दोन हजार मेगावॉटचा हा प्रकल्प मिनिटांच्या हिशेबाने चालतो. त्याच प्रकल्पाने कोणाकोणाला उठवले, त्यांतल्या कोणाला काय मिळाले आणि काय राहिले, याची निर्दोष यादी मात्र साठ वर्षांत पुरी होत नाही. उणीव कौशल्याची नाही, इच्छेची आहे.

१ मेपर्यंत पुढील गोष्टी झाल्या पाहिजेत.

१. प्रत्येक गावाची संकलन यादी अंतिम करून ती वसाहतींत आणि मूळ गावांत जाहीर वाचली जावी. हरकती जागेवर नोंदवून त्यांचा निकाल लेखी द्यावा.

२. पात्र खातेदाराच्या नावासमोर जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र आणि ताबा देण्याची तारीख लिहावी. ‘कार्यवाही सुरू आहे’ हा शेरा चालणार नाही.

३. वाटप झालेल्या जमिनींवरची अतिक्रमणे शासनाने स्वतः काढून ताबा द्यावा. आम्हाला कोर्टात पाठवू नये.

४. पुनर्वसित वसाहतींना कायद्यातल्या अठरा नागरी सुविधा पूर्ण द्याव्यात, स्मशानभूमीच्या रस्त्यापासून पिण्याच्या पाण्यापर्यंत.

५. अभयारण्यामुळे दुसऱ्यांदा विस्थापित होणाऱ्यांचा धरणग्रस्त म्हणून असलेला आधीचा हक्क वेगळा आणि अबाधित मानावा.

६. प्रत्येक जिल्ह्यात या कामासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि काम संपेपर्यंत त्याची बदली करू नये.

बैठकीचे निमंत्रण हे या पत्राचे उत्तर समजले जाणार नाही. २०१८ साली कोयनानगरला मोठा ठिय्या झाला, तेव्हाही आश्वासने मिळाली होती. आता समिती, उपसमिती, फेरसर्वेक्षण यांपैकी काहीही चालणार नाही.

मुदत टळली तर १ मे रोजी ध्वजवंदन करून आम्ही कोयनानगरला बसू, घरटी एक माणूस, बायाबापड्यांसह. मे महिन्यात जलाशयाचे पाणी उतरते, जुन्या गावठाणांचे चौथरे आणि गाळाची राने उघडी पडतात. ज्यांना पर्यायी जमीन मिळालेली नाही त्यांचे वारस बैल-अवजारांसह आपापल्या जुन्या शिवारात उतरतील आणि तिथे नांगर धरतील. बदल्यात जमीन दिली नसेल तर मूळ जमीन आमची आहे, असे आमचे म्हणणे राहील. आम्हाला पकडा, खटले भरा, जामीन घेणार नाही. धरणाच्या भिंतीला, वीजगृहाला किंवा कुठल्याही कर्मचाऱ्याला आमच्यातला कोणीही हात लावणार नाही. जो लावेल तो आमचा नव्हे, हे आमच्या तरुण पोरांनाही इथेच बजावतो. आणि दलालांना बजावतो : या पत्रानंतर आमचा हक्क लिहून घ्याल, तर तुमचे नाव गावच्या पारावर लागेल.

१९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभे राहून सत्याग्रह केला. धरण झालेच, मावळे हरले. पण ते परक्या राजवटीत हरले. आम्ही ज्यांच्याशी बोलतो आहोत ते सरकार आमच्या मतांवर उभे आहे, म्हणून त्याच्याशी हरायची तयारी ठेवून नव्हे, हिशेब मागायच्या हक्काने बोलतो आहोत.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरातली वीज बंद पाडणे आमच्या मनात नाही. तापोळ्याला, बामणोलीला नावेत बसायला जरूर या. मात्र १ मेनंतर या खोऱ्यात पोलिसांच्या गाड्या दिसल्या, तर ‘हे लोक अचानक का भडकले’ असे विचारू नका. आम्ही साठ वर्षे थांबलो आणि तारीख देऊन उठलो. पुढे जे होईल त्याची जबाबदारी शासनाची राहील.

आपले,
कोयना खोऱ्यातले धरणग्रस्त खातेदार आणि त्यांचे वारस