दुसऱ्या बुडीचे मालवण

मालवणच्या समुद्रात पहिल्यांदा बुडी मारणाऱ्याचे लक्ष श्वासाकडे आणि कानांकडेच असते. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे नाक चिमटीत धरून कानांवरचा ताण सोडवण्यातच पहिली वेळ सरते. पुन्हा येणाऱ्याला मात्र प्रवाळ दिसतो, त्याच्या कपारीतले मासे दिसतात. खोलीबरोबर लाल रंग सर्वांत आधी का विरतो, तेही डोळ्यांना कळते. नर्मदाकाठी वाढलेल्या जबलपूरकर मराठी कुटुंबांनी ही दुसरी सहल जरूर करावी. जबलपूर-कोइम्बतूर साप्ताहिक गाडी कोकण रेल्वेमार्गेच धावते.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ हा सजीव आहे. त्यावर पाय देणे किंवा त्याचा तुकडा खिशात घालणे हा अपराधच. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पुन्हा जाणाऱ्याने नुसत्या फेरीऐवजी तिथे रीतसर शिकणे अधिक मोलाचे. पावसाळ्यात बुडी बंद असते. थंडीत पाणी बहुधा नितळ मिळते.

परतीचे नियोजन सर्वांत महत्त्वाचे. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळूच बाहेर पडतो. एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर 18 तास विमानप्रवास टाळावा. सुमारे 700 मीटर उंचीचा आंबोली घाटही लगेच चढू नये. सहलीचा शेवटचा दिवस किनाऱ्यावरच काढावा.