लिव्हरला गेला म्हणून माघारी आणू नका

आतड्याचा कॅन्सर लिव्हरला गेलाय, असं सीटी स्कॅनमध्ये निघालं की आपल्या वस्तीत एकच वाक्य ऐकू येतं : 'चाकू लावू नका, चाकूनं पसरतो. हायेत तेवढे दिवस घरात काढू देत.' हा निर्णय भावकी घेते. पेशंटला कोणी विचारतही नाही. आम्हाला हे मान्य नाही.

मोठ्या आतड्याचं रक्त थेट लिव्हरमध्ये जातं, म्हणून हा कॅन्सर बहुधा आधी तिथंच पोचतो. बऱ्याच कॅन्सरांत पसरला की ऑपरेशनचा मार्ग संपतो, इथं मात्र संपेलच असं नाही. गाठी काढून पुरेसं निरोगी लिव्हर मागं राहत असेल, तर त्या काढता येतात. लिव्हर पुन्हा वाढतं. ते निरोगी असेल तर पाऊण हिस्सा काढला तरी उरलेलं काही महिन्यांत भरून येतं. दारूनं खराब झालेल्या लिव्हरला हे जमत नाही, हेही सांगून ठेवतो. गाठी मोठ्या असल्या तर आधी किमो देऊन लहान करतात. असं ऑपरेशन झालेल्या शंभरांपैकी चाळीसच्या आसपास माणसं पाच वर्षांनंतरही हयात असतात. सगळ्यांचं ऑपरेशन होत नाही, झालेल्यांतही पुष्कळांना आजार उलटतो. पण ते ठरवायचं लिव्हरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जननं, भावकीनं नव्हे.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला गाठा. सीपीआरमध्ये विचारा. गरज पडली तर सगळे रिपोर्ट घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला जा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला उतरलं की ते जवळच आहे.

पोटाच्या विकारानं स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतलं होतं. आपल्याकडं मात्र शौचातून रक्त पडतं हे बायकोलाही सांगायची लाज. मूळव्याध समजून वर्ष वर्ष मलम लावत बसतात. रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, विनाकारण वजन उतरत असेल, तर दुर्बिणीनं आतड्याची तपासणी करून घ्या.

आणि लिव्हरमध्ये डाग निघालेच, तर डॉक्टरांना पेशंटच्या समोर विचारा : 'हे काढता येतील का? आत्ता नाही, तर किमोनंतर?'