कारवानचं पिल्लू आणण्याआधी थांबा

पिल्लू आणायला निघाला असाल, तर आजचा दिवस थांबा. कळवळून सांगतो आहे.

2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांची नावं घेतली, त्यात मुधोळ होता. तेव्हापासून मुधोळ आणि त्याचाच भाऊबंद असलेला आपला कारवान शहरात हौसेनं मागितला जातो. अभिमान वाटावा असाच तो आहे. पण माळरानावर सशामागे सुटण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेलं हे जनावर आपण दोन खोल्यांत आणतो, आणि ते वर्षाचं झालं की मला फोन येतात: “गादी फाडली, ऐकत नाही, घेऊन जाता का?”

तो हट्टी नाही हो. तो वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. मांजर पळालं, साधी पिशवी उडाली, की पाय सुटलेच. तुमची हाक त्याच्या कानात शिरतच नाही. म्हणून रस्त्यावर त्याला कधीही मोकळं सोडू नका. सोसायटीभोवतीच्या दोन फेऱ्या म्हणजे धावणं नव्हे. चारी बाजूंनी बंद असलेलं मैदान शोधा आणि पहाटे, उन्हं चढायच्या आत, त्याला जीव तोडून पळू द्या. रोज. माझी कारवान कुत्री असं धावून आली की दुपारभर चटईवर पडून असते. घरात आहे हेही विसरायला होतं. ज्या दिवशी धावणं चुकतं, त्या दिवशी दाराची चौकट कुरतडते.

बरगड्या दिसतात म्हणून भात-पोळीचा मारा करू नका, अंगकाठीच तशी आहे. अनोळखी हात त्याला खपत नाही, हे मुलांच्या मित्रांनाही सांगा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देण्याआधी डॉक्टरांना जात जरूर सांगा. काही औषधांचा अंमल या सडपातळ कुत्र्यांवरून लवकर उतरत नाही. आणि हौस म्हणून सशामागे सोडू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

पहाटे उठणं जमणार नसेल, तर पिल्लू आणूच नका. आणलंच असेल आणि आता झेपत नसेल, तर त्याला हायवेवर उतरवू नका. 1960 च्या कायद्यानं प्राणी असा टाकून देणंही गुन्हाच आहे. शेत-वाडी असलेलं, वेळ देणारं घर मिळेपर्यंत सांभाळा. तोवर गॅलरीतली साखळी काढा, मजबूत पट्टा लावा आणि उद्या पहाटे त्याला घेऊन बाहेर पडा.