हापूस आधी, रत्नागिरी नंतर

‘अगो, सातवं लागलं, अजून वाचत नाही?’ मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी मला हा प्रश्न हमखास गाठतो. मुलाला आम्ही घरीच शिकवतो. विचारणाऱ्या काकूंना त्याची काळजी वाटते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

मागे पडेल, म्हणतात. कोणाच्या मागे? फिनलंडमध्ये पहिलीचा वर्गच सातव्या वर्षी सुरू होतो. आणि आपली लिपी काही सोपी नाही. एकट्या ‘र’ची रूपं पाहा: सूर्य, चक्र, राष्ट्र, तऱ्हा. गेल्या मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना त्याने पेटीवरचं ‘हापूस’ स्वतः जुळवून वाचलं. ‘रत्नागिरी’ला मात्र ‘त्न’पाशी अडला. अंकलिपीत जोडाक्षरं शेवटी येतात. त्याला ते त्याच दुपारी हवं होतं, कारण ते त्याच्या गावाच्या नावात होतं. मग आठवडाभर अंगणात खडूने रत्न, यत्न, पत्नी. पुस्तक अजूनही तो वाचत नव्हता. मी घाई केली नाही.

दुसरा आक्षेप जड आहे: ‘आपल्या गतीने’ म्हणजे हयगयीला दिलेलं गोंडस नाव. काही घरांत ते तसंच असतं, हे मी मान्य करते. रोज ओळीखाली बोट फिरवत मुलाला वाचून दाखवणं ज्यांना जमत नाही, त्यांनी गतीची भाषा बोलू नये. आणि एवढं करूनही अक्षरं जुळत नसतील, तर डोळे, कान तपासावेत, वाचनअक्षमतेच्या जाणकाराकडे जावं. तिथे वाट पाहणं चूकच.

आमच्या बाजूचे लोक टिळकांचा दाखला देतात. जन्म इथलाच, १८५६चा; पहिले धडे वडिलांकडे. मला तो पटत नाही. गंगाधरपंत स्वतः शिक्षक, मुलगा तल्लख. सावकाश वाचणाऱ्या पोराला त्यातून काय मिळणार? त्यापेक्षा २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ वाचावं: मूल कृतीतून, शोधातून शिकावं आणि भयमुक्त असावं, असं ते सांगतं. लिहिलंय शाळांसाठी, पण भीती घरातही तेवढीच वाटते.

परवा काकूंनी त्याला भेळेच्या गाडीवरची पाटी वाचायला सांगितली. तो माझ्या पाठीमागे लपला. मी म्हटलं, ‘काकू, परीक्षा नको. गोष्ट सांगा ना.’ त्या कठड्यावर टेकल्या, आणि तो हळूच पुढे आला.