माप माणसाचे नव्हे, कामाचे

हलगर्जीपणाच्या दिवाणी दाव्यात प्रतिवादी बदलला की काळजीचे माप बदलते, याचा राग दोन तऱ्हेच्या लोकांना येतो. पहिले म्हणतात, कायद्यापुढे सगळे सारखे. मग डॉक्टरला एक गज आणि दुकानदाराला दुसरा, हा कसला न्याय? दुसऱ्यांचे म्हणणे नेमके उलटे. ज्याची जेवढी कुवत तेवढीच अपेक्षा ठेवा, नवशिक्याला मुरलेल्याच्या पंक्तीला बसवणे हा जुलूम आहे. माप बदलते हे मलाही मान्य आहे. पण ते माणूस बघून बदलत नाही, त्याने अंगावर घेतलेले काम बघून बदलते. हा फरक दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटला आहे.

पहिल्या पक्षाला फार वेळ द्यायला नको. आपल्याकडे सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इंग्लंडमध्ये एका बाईचे कान खरोखरच जवाहिऱ्याने टोचले, पुढे तिच्या मानेत गळू झाले आणि तिने दावा लावला. १९३८च्या त्या निकालात कोर्ट म्हणाले, कान टोचणाऱ्या जवाहिऱ्याकडून शस्त्रक्रियागृहातली स्वच्छता मागता येणार नाही. त्याच्या धंद्याला साजेल एवढी काळजी त्याने घेतली होती. त्या बाईलाही आपण सर्जनकडे आलेलो नाही हे ठाऊक होते. यात विषमता कुठे आली?

दुसरा पक्ष मात्र तगडा आहे. त्यांचे आवडते उदाहरण १९७१च्या ‘नेटलशिप विरुद्ध वेस्टन’ या खटल्याचे. शिकाऊ बाई, गाडीचा तिसराच धडा. गाडी दिव्याच्या खांबावर आदळली आणि शेजारी बसून शिकवणाऱ्याची गुडघ्याची वाटी फुटली. न्यायमूर्ती डेनिंग यांनी तिला कसलेल्या चालकाचेच माप लावले. विमा आहे, म्हणून जबाबदारीही येते, हेही त्यांनी लपवले नाही. टीकाकार म्हणतात, हा दोष शोधणे नव्हे, भरलेला खिसा शोधणे आहे. टीकेत तथ्य आहे. पण दिवाणी दावा शिक्षा देण्यासाठी नसतो. झालेले नुकसान कोणी सोसायचे एवढाच तिथे प्रश्न असतो. गाडीखाली सापडलेल्याला चालकाचा कितवा धडा चालू आहे याच्याशी काय देणेघेणे? बिचारीची चूक नव्हती असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण मग दवाखान्याचे बिल जखमीने का भरायचे, तेही सांगावे. तुरुंगात पाठवायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांच्या बाबतीत ढोबळ, अक्षम्य हलगर्जीपणाच लागतो असे सांगितले, ते योग्यच झाले.

नवशिक्यावर अन्याय होतो म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधला १९८०च्या दशकातला विल्शर खटलाही वाचावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नळी घालताना कनिष्ठ डॉक्टरने ती रोहिणीऐवजी शिरेत घातली. अननुभव हा बचाव नाही, माप त्या पदाचे, असे अपील न्यायालयाचे बहुमत झाले. तरीही तो डॉक्टर सुटला, कारण त्याने वरिष्ठाला तपासून बघायला सांगितले होते. म्हणजे नवशिक्याकडून कोर्ट मागते ते एवढेच, की जमत नसेल तर विचार. आपल्या सरकारी रुग्णालयांत रात्रपाळीला असलेल्या निवासी डॉक्टरला विचारायला वरिष्ठ जागेवर मिळतो का, हा मात्र वेगळा आणि जास्त गंभीर प्रश्न आहे.

हेच सूत्र मराठी मुलखातल्या एका खटल्याने पक्के केले. मे १९५३मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले आणि उपचारानंतर काही तासांतच तो दगावला. पुरती भूल न देता, जोर लावून हाड ओढल्याचा आरोप होता. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरविरुद्धचा निकाल कायम केला. भरपाई ३,००० रुपयांची होती, पण तत्त्व मोठे होते. सर्वोच्च दर्जाचे कौशल्य नको, अगदी खालचेही चालणार नाही. आणि रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवतानाच डॉक्टरचे कर्तव्य सुरू होते.

१९९६मध्ये मुंबईच्या एका होमिओपॅथी पदविकाधारकाला हेच भोवले. त्याने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण गेला. जी पद्धत शिकला नाही तिच्यात हात घातला हाच हलगर्जीपणा, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. पुढे २०१४मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट उघडली. त्यावरून दोन्हीकडच्या डॉक्टरांत रण माजले ते हक्काचे. रुग्णाच्या बाजूने बघितले तर परवानगीने फार तर १९९६चा ठपका टळेल. औषध चुकले तर तुलना साध्या एमबीबीएस डॉक्टरशीच व्हायला हवी. ‘मी एकच वर्ष शिकलो’ हा बचाव तिसऱ्या धड्याच्या बचावाहून निराळा नाही.

लहान मुलांना सूट मिळते, ती याच तत्त्वाने. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची तलवारबाजी करताना डोळ्याला इजा झाली, तेव्हा १९९०च्या दशकात इंग्लंडच्या कोर्टाने पंधरा वर्षांच्या मुलीला पंधरा वर्षांच्याच मुलीचे माप लावले. तिने कुठलेही काम पत्करलेले नव्हते.

माझा खरा आक्षेप वेगळ्याच जागी आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसे मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६च्या निकालात महापालिका जबाबदार ठरली. इमारत ८० वर्षांची, आयुष्य मात्र ४०-४५ वर्षांचे, आणि तपासणी झालेली नाही. पण राजकोटमध्ये कचेरीला निघालेल्या माणसावर रस्त्याकडेचे झाड पडले, तेव्हा १९९७मध्ये तेच सर्वोच्च न्यायालय महापालिकेच्या बाजूने उभे राहिले. लोकहितासाठी झाडे लावणाऱ्या संस्थेवर असा बोजा टाकणे त्याला रास्त वाटले नाही. इथे काम बघितले गेले नाही, प्रतिवादी बघितला गेला. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याने शहरांत वृक्ष प्राधिकरण आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. परवानगीशिवाय झाड तोडायला बंदी आहे. झाडावरचा ताबा इतका आपल्या हाती ठेवल्यावर ते काम पत्करले नाही असे कसे म्हणता येईल? इथल्या एखाद्या महापालिकेने राजकोटचा निकाल पुढे केला, तर वादीच्या वकिलाने आधी वृक्षगणनेची नोंदवही कोर्टात मागवावी आणि त्या झाडापुढे शेवटची तपासणी कधीची लिहिली आहे ते विचारावे.