जप्त बोट सोडवायची तर दोन दारं ठोठवावी लागतात

रेतीघाटावर जप्ती झाली की गावात एकच सल्ला मिळतो, "तहसीलमध्ये पैसे भरा अन् सोडवून आणा." वर्धा आणि वणा नदीच्या काठावर कधी ट्रॅक्टर, कधी बोट धरली जाते. पण पैसे भरले म्हणजे सुटलं, हे अर्धंच खरं आहे.

महसूल अधिनियम १९६६ चं कलम ४८ पाहा. विनापरवाना काढलेल्या रेतीवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. साधन जप्त होतं ते वेगळं. जप्ती तहसीलदार करू शकतात. मात्र ४८ तासांच्या आत ते साधन जिल्हाधिकाऱ्यांपुढे, नाहीतर त्यांनी अधिकार दिलेल्या व किमान उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे हजर झालं पाहिजे. सोडायचं की नाही ते हे अधिकारी ठरवतात. म्हणून तहसीलच्या पायरीवर आठ दिवस बसून राहू नका, प्रकरण कोणाकडे गेलं ते विचारा.

सोडवण्यासाठी दोन गोष्टी लागतात, साधनाचा दंड आणि जातमुचलका. जानेवारी २०१८ च्या नियमांत दंड ट्रॅक्टरला १ लाख, मोटरबोटीला ५ लाख आणि एक्सकॅव्हेटरला साडेसात लाख असा ठरला. भरण्याआधी आज लागू असलेला दर लेखी मागा. पंचनाम्यात 'मोटरबोट' लिहिलं की साधा वल्ह्याचा डोंगा, हेही वाचून घ्या. ढिवर बांधवांच्या डोंग्याला इंजिनच नसेल तर तसं तिथंच लिहून घ्यायला हवं.

जातमुचलका लोक न वाचता सही करून मोकळे होतात. त्याची रक्कम साधनाच्या बाजारभावापर्यंत असू शकते, आणि हे साधन पुन्हा अशा कामाला वापरणार नाही असं त्यात तुम्ही लिहून देता. उद्या तोच ट्रॅक्टर कोणी भाड्यानं घाटावर नेला, तर सही तुमची असते.

दंड म्हणजे तारण नव्हे, हाही फरक ध्यानात घ्या. १९८४ साली गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघालेलं 'एलिझाबेथ' हे परदेशी जहाज विशाखापट्टणमला कोर्टाच्या हुकमानं अडवलं गेलं. मालकांनी सव्वाचौदा लाखांची बँक हमी दिली आणि जहाज सुटलं. खटला पुढं १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. तिथं हमी जहाजाच्या जागी उभी होती. आपल्याकडं दंडाचा पैसा सरळ सरकारजमा होतो. परत हवा असेल तर अपिलात जिंकावं लागतं.

आता दुसरं दार. रेतीचोरीचा गुन्हा पोलिसांतही नोंदवता येतो, असं सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं. तसा गुन्हा असेल आणि साधन त्यात जप्त दाखवलं असेल, तर महसूलचा आदेश पुरत नाही. मॅजिस्ट्रेटकडं सुपूर्दनाम्याचा अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३ त्यासाठी आहेत. वाहनं ठाण्यात सडवू नयेत, फोटो-पंचनामा करून बंधपत्र व हमीवर द्यावीत, असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं आहे. वकिलाला त्याची आठवण द्या.

दोन्ही दारांत पहिला प्रश्न मालकीचा. ट्रॅक्टरला आरसी बुक असतं. बोटीचं बहुतेक वेळा काहीच नसतं. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानं यांत्रिक बोटींची नोंदणी सांगितली आहे, पण घाटावरच्या बोटीचा कागद मी तरी पाहिला नाही. भीमा नदीत पकडलेल्या बोटी जिलेटिननं उडवल्याच्या बातम्या येतात, आणि सोडवायला मालक पुढं आल्याचं मात्र क्वचितच ऐकू येतं. कारण "माझी" म्हटलं की गुन्हाही माझाच होतो.

माझ्या सर्कलमधल्या एका कास्तकारानं उन्हाळ्यात रोजानं ट्रॅक्टर दिला होता. मे महिन्यात तो जप्त झाला. त्यानं कर्ज काढून दंड भरला, मुचलका दिला, आदेश घेऊन ठाण्यात गेला. तिथं कळलं की गुन्हा वेगळा आहे, कोर्टाचा कागद आणा. तो मिळेपर्यंत मृग उलटला. कपाशीची पेरणी त्यानं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं, उधारीवर केली.