बोका डूख धरत नाही

मागच्या महिन्यात आमच्या बंड्याने माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत मुतून ठेवलं. लॅपटॉप बाहेर होता म्हणून वाचला. घरात निदान व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आई म्हणाली, "अरे, तू आठवडाभर पुण्याला होतास ना, त्याचा राग काढतोय तो." शेजारचे काका म्हणाले, "मांजर डूख धरतं रे. नाक घास त्याचं तिथे." आणि अस्मादिक? इंजिनियर माणूस, तर्कशुद्ध विचार वगैरे... मी स्प्रेची बाटली भरून त्याच्या तोंडावर पाणी मारलं. सलग तीन दिवस.

चौथ्या दिवशी तो ट्रेमध्ये दहा-दहा मिनिटं बसायला लागला. बाहेर यायचे दोन थेंब, तेही गुलाबी. तेव्हा कुठे आम्हाला डॉक्टर आठवले.

मंडळी, हे वाचताना तुमचा बोका ट्रेमध्ये नुसता कुंथत बसला असेल तर वाचन सोडा आणि आधी फोन करा. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो बंद झाला की एक-दोन दिवसांत खेळ खलास होऊ शकतो. बंड्याचा पूर्ण बंद झाला नव्हता, एवढंच आमचं नशीब.

लघवी तपासली, एक्स-रे काढला. ना खडा, ना इन्फेक्शन. या दुखण्याचं नाव 'इडिओपॅथिक सिस्टायटिस'. म्हणजे मूत्राशयाला सूज आहे, पण कारण हाती लागत नाही. आमच्या भाषेत 'कान्ट रिप्रोड्यूस'. पण या बगमध्ये ताणाचा हात असतो हे पशुवैद्यकांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी हे दुखणं असलेली ४६ घरगुती मांजरं घेतली, त्यांच्या मालकांना घरात बदल करायला लावले (लपायला जागा, चढायला जागा, खेळ, स्वच्छ ट्रे इ.इ.) आणि दहा महिने पाठपुरावा केला. लघवीचा त्रास कमी झाला, घाबरटपणाही कमी झाला. हा अभ्यास २००६ साली छापून आला. कंट्रोल ग्रुप नव्हता हे मान्य. पण काकांच्या 'नाक घास' थिअरीला तर तेवढाही आधार नाही.

माझं भांडण या 'राग काढतोय' शब्दांशीच आहे. एकदा राग म्हटलं की गुन्हेगार ठरला, मग शिक्षा आली. शिक्षेने ताण वाढतो, ताणाने दुखणं वाढतं, दुखण्याने तो पुन्हा भलतीकडे मुततो आणि आपण म्हणतो, बघा, सुधरतच नाही! याला इन्फिनिट लूप म्हणतात, आणि तो आपणच लिहिलेला असतो.

दुसरी जमात 'काहीतरी देऊन टाका'वाल्यांची. काकांनी स्वतःची झोपेची अर्धी गोळी देऊ केली होती, प्रेमाने. अहो काका, माणसाच्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं. ते पचवायला लागणारी यंत्रणा त्यांच्या यकृतात जवळजवळ नसतेच. मांजरांच्या चिंतेवर खरी औषधं आहेत, मी काही औषधविरोधी नाही. दवाखान्यात न्यायच्या आधी डॉक्टर गॅबापेंटिन देतात. प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीसाठी प्रीगॅबालिनच्या द्रावणाला अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये मान्यता दिली. फ्लुओक्सेटिनचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. पण हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं, आधी दुखणं तपासून, डोस मोजून. आणि घरातलं कारण तसंच ठेवून गोळी देणं म्हणजे सर्व्हर पेटलेला असताना अलार्म म्यूट करणं.

घरातलं कारण शोधताना मी चक्क लॉग लिहायला बसलो. वरच्या फ्लॅटमध्ये फरशी कापायचं काम चालू होतं. मांजराला साधारण ६४ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपलं २० ला संपतं. म्हणजे ते कटर त्याला कसं ऐकू येत असेल, देव जाणे. आधीच आमचं नाशिक ढोलाचं गाव, आणि दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये घालून दिली होती, ती आमच्या कॉलनीत कुणी घड्याळात पाहिल्याचं स्मरत नाही. पण लॉगमधली सगळ्यात लाजिरवाणी नोंद माझीच निघाली. पाहुणे वासाला नाकं मुरडतात म्हणून मी बंड्याची ट्रे बेडरूममधून उचलून मागच्या बाल्कनीत ठेवली होती. वॉशिंग मशीनला खेटून. तो बसायचा आणि मशीन स्पिन व्हायचं!

ट्रे परत बेडरूमच्या कोपऱ्यात आली, हॉलमध्ये दुसरी ठेवली. कुरियरचा एक मोठा खोका कपाटावर चढवला. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात पाहिलं होतं की ज्या नव्या मांजरांना लपायला खोका मिळाला ती लवकर स्थिरावली. बंड्याला हे आधीच माहीत असावं, दहा मिनिटांत तो आत. स्प्रेची बाटली आता कुंड्यांना.

लघवी आता साफ आहे. मी बाटली उचलली की तो अजून पलंगाखाली पळतो. तुळशीला पाणी घालायलासुद्धा मला त्याची नजर चुकवून जावं लागतं.